लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवरील किडी : नियंत्रणाचा इतिहास

लिंबू वंशातील (सिट्रस) झाडांची पाने खाणाऱ्या, पोखरणाऱ्या व त्यांतील रस शोषणाऱ्या किडींना आवर घालण्यासाठी निरनिराळ्या देशांत व काळांत योजिलेल्या उपायांचा इतिहास. संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, ग्रेपफ्रूट, पपनस इ. झाडे सदापर्णी असून त्यांना वर्षातून दोन-तीन वेळा कोवळी पालवी (नवती) फुटते. किडींचा उपद्रव मुख्यतः या पालवीवर होतो. परंतु झाड कधीच निष्पर्ण होत नसल्यामुळे किडींबरोबर त्यांच्या शत्रूंनाही त्यावर बारमाही आसरा मिळतो. दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या शेतात ही स्थिती नसते. एका कीटकाकडून दुसऱ्या कीटकाचा नाश करविण्याची सर्वांत जुनी नोंदलेली पद्धत आणि आधुनिक काळात परदेशातून शत्रुकीटक आणून मिळविलेले पहिले मोठे यश, ही दोन्ही या झाडांच्या बागांतीलच आहेत, याचे एक कारण हे होय. कीड मारावी की तिचा शत्रू राखावा, हा प्रश्न या इतिहासात वारंवार पुढे आला असून त्याला मिळालेली उत्तरे कीड कोणती यावर अवलंबून राहिली आहेत.

प्रमुख किडी : लिंबावरील फुलपाखराची (पॅपिलिओ डेमोलियस) अळी भारतात सर्वपरिचित आहे. मादी कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते. लहान अळी तपकिरी-काळी व पांढऱ्या डागांची असून पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबूस रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. मोठ्या झाडाला तिच्यापासून फारसा धोका नसतो. रोपवाटिकेतील कलमांची मात्र ती काही दिवसांत नुसती शिरांची खराटी करते. बेल, कवठ, कढीलिंब व बावची यांवरही ती वाढते. नागअळी (फिलोक्निस्टिस सिट्रेला) हा अतिशय लहान पतंग असून त्याची अळी पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली चंदेरी, नागमोडी बोगदा करीत जाते. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ स्टेंटन यांनी या पतंगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८५६ मध्ये केले, ते कलकत्त्याहून आलेल्या नमुन्यांवरून. रस शोषणाऱ्या किडींत काळी माशी (ॲल्यूरोकँथस वोग्लमी), सिट्रस सिल्ला (डायाफोरिना सिट्री), खवले कीटक व पिठ्या ढेकूण महत्त्वाचे आहेत.

चीनमधील मुंग्यांचा उपयोग : दक्षिण चीनमध्ये संत्र्याच्या बागांत पानांची घरटी शिवणाऱ्या तांबड्या मुंग्या (इकोफिला स्मॅरॅग्डिना) सोडण्याची प्रथा फार जुनी आहे. कोकणात व गोव्यात हुमले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंग्या त्या याच. जी हान यांच्या नावावर असलेल्या व इ. स. ३०४ मधील मानल्या जाणाऱ्या दक्षिणेकडील वनस्पतींच्या वर्णनपर ग्रंथात, ज्याओजी प्रांतातील (आताचा उत्तर व्हिएतनाम) लोक या मुंग्या घरट्यांसह बोरूच्या पिशव्यांत भरून बाजारात विकतात, असे सांगितले आहे. मुंग्या नसलेल्या झाडाची फळे किडतात आणि एकही धड राहत नाही, असेही त्यात नमूद आहे. या ग्रंथाचा आज उपलब्ध असलेला पाठ कित्येक शतकांनंतर संकलित झाला, असे मत काही अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकात साधार मांडले. ते ग्राह्य धरले, तरी प्रथेचे प्राचीनत्व फारसे उणावत नाही. कारण नवव्या शतकातील दुआन चंग्‌श यांच्या ग्रंथात आणि त्यानंतर थोड्याच काळाने ल्यू श्यून यांनी लिहिलेल्या दक्षिण प्रदेशाच्या वर्णनात संत्र्यावरील मुंग्यांचा उल्लेख आहे. कोणत्याही पुस्तकात आज प्रथम दिसते ती गोष्ट शेतकऱ्याच्या हाती त्यापूर्वीच आलेली असते, हेही लक्षात घ्यावयास हवे.

बाराव्या शतकातील एका चिनी ग्रंथात मुंग्या पकडण्याची रीत दिली आहे. डुकराच्या किंवा मेंढीच्या मूत्राशयात चरबी भरून त्याचे तोंड उघडे ठेवीत व ते घरट्याजवळ मांडीत. मुंग्या आत शिरल्या की तोंड बांधून ते बागाईतदारांना विकत. हा काही लोकांचा स्वतंत्र व्यवसायच होता. पुढे सतराव्या शतकातील लेखनात झाडाझाडांमध्ये बांबूच्या कांबी बांधून मुंग्यांसाठी पूल केल्याचे वर्णन येते. एका घरट्यातील मुंग्यांनी अनेक झाडे राखावीत, हा त्यामागील हेतू. थंडीत या मुंग्या मोठ्या प्रमाणावर मरतात. म्हणून दाट पानोऱ्याची पपनसाची झाडे बागेत मधूनमधून लावून त्यांना आसरा देण्याची युक्तीही दक्षिण चीनमधील शेतकऱ्यांनी काढली.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना ही माहिती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुटकपणे मिळाली. कँटन (ग्वांगजो) येथील लिंगनान महाविद्यालयात काम करणारे जॉर्ज ग्रॉफ यांनी हॉवर्ड यांच्यासह १९२४ मध्ये या पाळीव मुंगीवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केल्यावर तिच्याकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले. मुंग्या अळ्या व फळांतील रस शोषणारे मोठे ढेकूण यांचा फडशा पाडतात. सूक्ष्म कोळी व खवले कीटक यांच्याविरुद्ध मात्र त्या निरुपयोगी असतात. उलट, गोड स्राव देणाऱ्या पिठ्या ढेकणांना त्या राखतात. फळे तोडणाऱ्यांना त्या कडकडून चावतात, ही अडचण निराळीच. या मर्यादा असूनही व्हिएतनाममधील मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात या मुंग्यांचा वापर चालू राहिला. तेथे विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या पाहण्यांत मुंग्या राखणारे बागाईतदार कीटकनाशकांवर इतरांपेक्षा कमी खर्च करतात, असे आढळून आले.

भारतीय परंपरा : प्राचीन भारतात वृक्षांच्या रोगांचा विचार वृक्षायुर्वेद या स्वतंत्र शाखेत होत असे. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) रोगट भाग शस्त्राने काढून टाकणे, त्या जागी वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप देणे आणि झाडाला दूधपाणी घालणे हे उपचार सांगितले आहेत. सुरपालकृत वृक्षायुर्वेद या नंतरच्या ग्रंथात धुरी व लेप यांचा अधिक विस्तार आहे. ही चिकित्सा मनुष्याच्या चिकित्सेच्या नमुन्यावर बेतलेली असून तिचे लक्ष रोगी झाडावर होते. किडीच्या जीवनक्रमाचा किंवा तिच्या शत्रूंचा विचार तीत दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय (इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स, १९०६) व बेनब्रिज फ्लेचर यांच्या ग्रंथांतून भारतातील किडींची शास्त्रशुद्ध माहिती एकत्र झाली. त्या काळातील उपाय साधे होते : अळ्या हाताने वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे, तंबाखूचा काढा, मासळीच्या तेलाचा साबण, राळेचे मिश्रण व रॉकेलचे पायस. अळ्या वेचण्याचा उपाय रोपवाटिकेत आजही अव्वल ठरतो, कारण तेथे झाड माणसाच्या हाताच्या टप्प्यात असते.

कॅलिफोर्नियातील खवले कीटक व व्हिडेलिया भुंगेरा : अमेरिकेत संत्र्याची लागवड मोठ्या प्रमाणावर वाढू लागल्यावर कीडनियंत्रणाला शास्त्राचे रूप आले. हेन्री हबर्ड (१८५०–९९) यांनी फ्लॉरिडातील संत्र्यावरील किडींचा अभ्यास करून १८८५ मध्ये एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला व रॉकेल, साबण आणि पाणी यांचे पायस फवारण्याची पद्धत रूढ केली. फ्लॉरिडातील बागाईतदार पॅपिलिओ वंशातील स्थानिक फुलपाखराच्या अळीला ‘संत्र्याचा कुत्रा’ म्हणत. अळीचे तोंड कुत्र्याच्या तोंडासारखे दिसते, म्हणून हे नाव पडले असावे.

खरे संकट आले ते कॅलिफोर्नियात. ऑस्ट्रेलियातून आलेला कापशी खवले कीटक (आयसेरिया पर्चेसी) १८६८ च्या सुमारास मेन्लो पार्क येथे बाभळीच्या जातीच्या झाडांवर प्रथम दिसला. पुढील पंधरा-वीस वर्षांत तो लॉस अँजेल्सच्या परिसरातील संत्र्याच्या बागांत पोहोचला. पाने व डहाळ्या पांढऱ्या कापशी पिशव्यांनी भरून जात, पाने गळत व झाडे वाळत. साबण व रॉकेल यांचा उपयोग होईना. शेतकऱ्यांनी झाडे उपटून जाळण्यास सुरुवात केली. डॅनिएल कॉक्विलेट यांनी १८८६ मध्ये झाडावर तंबू टाकून आत हायड्रोसायानिक अम्ल वायूची धुरी देण्याचा प्रयोग केला. पोटॅशियम सायनाइड व सल्फ्यूरिक अम्ल एका भांड्यात एकत्र करून हा प्राणघातक वायू तयार करीत. उन्हात धुरी दिल्यास पाने करपतात, हे लक्षात आल्यावर हे काम रात्री होऊ लागले. पद्धत परिणामकारक होती. परंतु ती खर्चाची व माणसांना धोक्याची असून प्रत्येक झाडासाठी पुनःपुन्हा करावी लागे.

अमेरिकन सरकारचे प्रमुख कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली (१८४३–९५) यांचा तर्क निराळा होता. ऑस्ट्रेलियात ही कीड उपद्रवी का ठरत नाही, या प्रश्नाचे उत्तर तेथील तिच्या शत्रूंत असले पाहिजे, असे त्यांना वाटत होते. सरकारी कीटकशास्त्रज्ञांना परदेशी प्रवासाचा खर्च करण्यास काँग्रेसने बंदी घातली होती. तेव्हा मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी मंजूर झालेल्या रकमेतून वाट काढून आल्बर्ट कोबेल (१८५३–१९२४) यांना १८८८ मध्ये तिकडे पाठविण्यात आले. रायली यांची भिस्त ॲडिलेडच्या फ्रेझर क्रॉफर्ड यांनी शोधलेल्या एका परोपजीवी माशीवर होती. कोबेल यांना ॲडिलेडमधील एका बागेत मात्र लालसर-काळा, लहान चित्रांग भुंगेरा (व्हिडेलिया; रोडोलिया कार्डिनॅलिस) या किडीवर ताव मारताना दिसला. त्यांनी जहाजाने पाठविलेल्या पहिल्या तीन खेपांतून १२९ जिवंत भुंगेरे लॉस अँजेल्सला कॉक्विलेट यांच्या हाती पडले. त्यांनी ते वुल्फस्किल यांच्या बागेतील एका तंबूने झाकलेल्या झाडावर सोडले. काही आठवड्यांत झाड स्वच्छ झाले. तंबू उघडल्यावर भुंगेरे शेजारच्या झाडांवर पसरले. १८८९ च्या जूनपर्यंत १०,५५५ भुंगेरे २०८ बागाईतदारांना वाटले गेले होते आणि वर्षअखेरीस ही कीड जवळपास दिसेनाशी झाली. मोहिमेचा एकूण खर्च २,००० डॉलरांच्या आत होता. क्रॉफर्ड यांची माशीही टिकली. समुद्रकिनाऱ्यालगतच्या दमट भागात ती भुंगेऱ्यापेक्षा सरस ठरली, तर उष्ण व कोरड्या अंतर्भागात भुंगेरा वरचढ राहिला.

या यशाचा एक अनिष्ट परिणाम झाला. कोणत्याही किडीवर कोणताही चित्रांग भुंगेरा आणावा, अशी मागणी होऊ लागली. कोबेल यांनी १८९१ च्या दुसऱ्या सफरीत अनेक जाती पाठविल्या. त्यांपैकी बहुतेक टिकल्या नाहीत. व्हिडेलिया जवळजवळ केवळ आयसेरियावरच जगतो, आयुष्यक्रम लवकर पुरा करतो व यजमान विरळ झाला तरी त्याला शोधून काढतो. यशाचे मर्म यात होते; भुंगेऱ्याच्या कुळात नव्हते. दुसऱ्या सफरीतील जातींपैकी क्रिप्टोलीमस हा भुंगेरा पिठ्या ढेकणांवर उपयुक्त ठरला. तो १८९८ मध्ये भारतात कॉफीवरील हिरव्या खवले कीटकांसाठी आणला गेला. त्या कामी त्याचा उपयोग झाला नाही, पण दक्षिण भारतात तो स्थिरावला व पुढे द्राक्षे आणि लिंबूवर्गीय झाडांवरील पिठ्या ढेकणांसाठी प्रयोगशाळांतून वाढविला जाऊ लागला. आयसेरिया ही कीड १९२८ मध्ये निलगिरी भागात आढळल्यावर व्हिडेलियाही भारतात आणण्यात आला.

रासायनिक कीटकनाशकांचा काळ : सायनाइडच्या धुरीला काही खवले कीटक दाद देईनासे झाले आहेत, असा संशय हेन्री क्वेल यांनी १९१६ मध्येच व्यक्त केला होता. किडी विषाला सरावतात ही कल्पना तेव्हा नवी होती व ती स्वीकारली जाण्यास वेळ लागला. अळ्यांसाठी शिसे आर्सेनेट वापरात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा डीडीटी व पाठोपाठ पॅराथिऑनसारख्या कार्बनी फॉस्फरस संयुगांनी घेतली.

डीडीटीने काय साधले हे कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात १९४६-४७ मध्ये दिसून आले. तेथे अन्य किडींसाठी डीडीटी फवारल्यावर व्हिडेलिया भुंगेरे मेले. कापशी पिशवीत सुरक्षित असलेला खवले कीटक वाचला आणि सुमारे साठ वर्षे विसरली गेलेली ही कीड पुन्हा उसळली. बागाईतदारांना भुंगेरे विकत आणून सोडावे लागले व फवारणीच्या वेळा बदलाव्या लागल्या. पॉल डीबाख यांनी हीच गोष्ट उलट्या बाजूने वापरून एक प्रयोगपद्धती बसविली (१९४६). काही झाडांवर मुद्दाम डीडीटी फवारून शत्रुकीटक नाहीसे करावयाचे व शेजारची झाडे तशीच ठेवावयाची. फवारलेल्या झाडांवर कीड किती पटींनी वाढते, यावरून एरवी डोळ्यांना न दिसणारे शत्रुकीटकांचे कार्य मोजता येऊ लागले. विषाचा हा बहुधा सर्वांत बोधप्रद उपयोग म्हणावा लागेल. लाल खवले कीटकांच्या नियंत्रणासाठी १९५६-५७ मध्ये कॅलिफोर्नियात सोडलेला ॲफायटिस मेलिनस हा सूक्ष्म परोपजीवी कीटक भारत व पाकिस्तानातून नेलेला होता.

अळ्यांच्या बाबतीत आणखी एक मार्ग निघाला. जपानमधील इशिवाता यांनी १९०१ मध्ये रेशमाच्या किड्यांत आणि बर्लिनर यांनी १९११ मध्ये जर्मनीतील थुरिंजियातून आलेल्या पिठावरील पतंगाच्या अळ्यांत शोधलेला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू केवळ विशिष्ट कीटकांनाच मारतो. त्याचे फवारे लिंबावरील फुलपाखराच्या लहान अळ्यांवर चांगले लागू पडतात व परोपजीवी कीटकांना इजा करीत नाहीत. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला.

काळी माशी : ही कीड मूळची उष्ण कटिबंधीय आशियातील. पानांच्या खालच्या बाजूस ती चक्राकार मांडणीत अंडी घालते. तिची काळी, काटेरी पिल्ले रस शोषतात व चिकट गोड स्राव सोडतात. त्यावर काळी बुरशी वाढून पाने, फांद्या व फळे काजळी धरल्यासारखी दिसतात. विदर्भातील शेतकरी या रोगाला व किडीलाही ‘कोळशी’ म्हणतात. वेस्ट इंडीजमध्ये जमेका बेटावर ती १९१३ मध्ये आढळली व तेथून क्यूबात पोहोचली. कर्टिस क्लॉसेन यांनी आग्नेय आशियात तिच्या शत्रूंचा शोध घेतला आणि मलायातून आणलेल्या एरेट्मोसेरस सेरियस या परोपजीवी कीटकाने १९३० नंतर क्यूबात तिला आटोक्यात आणले. मेक्सिकोच्या कोरड्या पश्चिम किनाऱ्यावर, जेथे कीड १९३५ मध्ये दिसली होती, तोच कीटक अपुरा ठरला. हर्बर्ट स्मिथ यांनी १९४८–५० या काळात भारत व पाकिस्तानातील बागांतून गोळा केलेल्या ॲमिटस हेस्पेरिडम व एन्कार्सिया वंशातील कीटकांनी मात्र तेथे काम केले. तेच पुढे मेक्सिकोहून १९७० नंतरच्या दशकात टेक्सस व फ्लॉरिडा येथे नेण्यात आले.

ज्या भूमीतून हे शत्रुकीटक बाहेर गेले, त्या भूमीत काळी माशी मात्र उपद्रवी राहिली. नागपूर, काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या संत्रापट्ट्यातील बागांत तिचे वर्षातून तीन मोठे उद्रेक होतात व ते अंबिया, मृग आणि हस्त बहारांच्या पालवीशी निगडित असतात. बहार धरण्यासाठी झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देण्याच्या पद्धतीमुळे सर्व बागेला एकाच वेळी नवती फुटते आणि किडीला एकदम भरपूर खाद्य मिळते. दाट लागवड, ओलावा धरून ठेवणारी खोलगट भारी जमीन आणि वेळी-अवेळी केलेल्या फवारण्या यांनी उपद्रव वाढतो. कीड दिसली की फवारा, हा समज चुकीचा आहे. कोषावस्थेतील किडीवर औषधाचा परिणाम होत नाही, तिच्या आतील परोपजीवी कीटकाचे जगणे मात्र संकटात येते. अंडी निम्मी फुटल्यावर केलेली फवारणी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

सिट्रस सिल्ला व हरितरोग : पंजाबातील ल्यालपूर येथील महंमद अफझल हुसेन व दीना नाथ यांनी १९२७ मध्ये सिट्रस सिल्लावर एक सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. हा तीन-चार मिमी. लांबीचा कीटक डोके खाली व पार्श्वभाग वर असा तिरपा बसतो आणि केवळ अगदी कोवळ्या पालवीवरच अंडी घालतो. बागाच्या बागा वाळतात व फळे बेचव होतात, असे या प्रबंधात नोंदविले असून कीटक झाडात एखादे विष सोडत असावा, असा तर्क केला आहे. त्यांचे निरीक्षण अचूक होते. तर्क अपुरा होता. त्यांनी पाहिलेली झाडे बहुधा एका रोगाने ग्रस्त होती आणि तो रोग हा कीटक वाहून नेत होता.

दक्षिण चीनमध्ये हा रोग हुआंगलोंगबिंग या नावाने ओळखला जात होता. या नावाचा अर्थ ‘पिवळ्या ड्रॅगनचा रोग’ असा केला जातो. परंतु ज्या प्रदेशातील शेतकऱ्यांचा हा शब्द आहे, त्यांच्या बोलीत तो कोवळ्या फुटव्याला उद्देशून वापरतात व ‘पिवळ्या फुटव्याचा रोग’ हाच अर्थ बरोबर आहे. रोग डोळे भरण्यातून पसरतो, हे लिन गुंगश्यांग यांनी १९५६ मध्ये दाखविले. दक्षिण आफ्रिकेत फळे टोकाशी हिरवीच राहतात म्हणून त्याला हरितरोग (ग्रीनिंग) म्हणत. तेथे दुसऱ्या जातीच्या सिल्लामुळे तो पसरतो, हे १९६५ मध्ये सिद्ध झाले. भारतात संत्र्याची शेंडेमर दीर्घकाळ जमिनीचे दोष व जस्ताची उणीव यांच्या माथी मारली जात होती. पुणे येथे काम करणाऱ्या एस. पी. कपूर, डी. जी. राव व एस. एम. विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये डायाफोरिना सिट्री हा हरितरोगाचा वाहक असल्याचे प्रसिद्ध केले. रोगाचे कारण प्रथम विषाणू, नंतर मायकोप्लाझ्मासदृश जीव मानले गेले. अखेर ते झाडाच्या अन्नवाहक ऊतकात राहणारा जिवाणू असल्याचे ठरले. फ्रान्समधील बॉर्दो येथील संशोधकांनी १९९४ मध्ये त्याचे वर्गीकरण व नामकरण केले, तेव्हा वापरलेल्या दोन नमुन्यांपैकी एक पुण्याचा होता. हा जिवाणू वेगळा करून शुद्ध स्वरूपात वाढविणे हे पुढेही दुष्कर राहिले.

या शोधाने पानांवरील किडींच्या नियंत्रणाचे गणित बदलले. शत्रुकीटक किडीचा समूळ नाश करीत नाहीत. ते तिला कमी संख्येवर स्थिर ठेवतात, कारण कीड पूर्ण संपली तर तेही संपतील. खवले कीटक झाडामागे पाच-पन्नास उरले तरी नुकसान होत नाही. रोगवाहक सिल्लाचे तसे नसते. एक संसर्गित कीटकही निरोगी झाडाला रोग देऊ शकतो. म्हणून एके ठिकाणचे यश दुसरीकडे पुरे पडत नाही. हिंदी महासागरातील रेयून्यों बेटावर १९७८ मध्ये भारतातून नेलेल्या टॅमॅरिक्सिया रेडिएटा या परोपजीवी कीटकाने सिल्लाला इतके खाली आणले की तेथील बागा पुन्हा उभ्या राहू शकल्या. रोगमुक्त कलमांची जोड मात्र त्याला द्यावी लागली. फ्लॉरिडात सिल्ला १९९८ मध्ये व रोग २००५ मध्ये आढळला. तेथे कुंतीच्या शोभेच्या रोपांबरोबर कीटक रोपवाटिकांतून राज्यभर गेला होता. टॅमॅरिक्सिया १९९९ मध्ये सोडूनही रोग थांबला नाही, आणि सततच्या फवारण्यांनीही थांबला नाही. २००३-०४ च्या हंगामात तेथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी २० लाख पेट्या (प्रत्येकी सु. ४१ किग्रॅ.) निघाल्या होत्या, २०२२-२३ मध्ये त्या सुमारे १ कोटी ५८ लाखांवर आल्या. २०२२ च्या चक्री वादळाचा वाटा त्यात असला, तरी घसरण त्यापूर्वीच झालेली होती.

कॅलिफोर्नियात सिल्ला २००८ मध्ये पोहोचला. त्याचा शत्रू शोधण्यासाठी रिव्हरसाइड येथील संशोधक २०१० मध्ये पाकिस्तानातील फैसलाबादला गेले व तेथून आणलेला टॅमॅरिक्सिया २०११ च्या डिसेंबरात सोडण्यात आला. फैसलाबाद म्हणजेच हुसेन व नाथ यांचे ल्यालपूर. या परोपजीवी कीटकाचे पहिले शास्त्रीय वर्णनही १९२२ मध्ये तेथील नमुन्यांवरूनच झाले होते. कॅलिफोर्नियात त्याचा उपयोग प्रामुख्याने घरांच्या परसांतील झाडांवर केला गेला, कारण शहरांतील लक्षावधी लिंबाच्या झाडांवर फवारणी करणे शक्य नव्हते.

नागअळी व फुलपाखरू यांचा नव्या जगातील प्रवास : नागअळी १९९३ मध्ये फ्लॉरिडात व त्याच सुमारास भूमध्य सागराभोवतालच्या देशांत अवतरली. तिचे बोगदे हे कँकर (खैऱ्या) रोगाच्या जिवाणूंना पानात शिरण्याची उघडी दारे ठरतात, त्यामुळे या किरकोळ वाटणाऱ्या किडीचे महत्त्व वाढले. एजेनिॲस्पिस सिट्रिकोला या परोपजीवी कीटकाने फ्लॉरिडात तिच्यावर बऱ्यापैकी वचक बसविला. लिंबावरील फुलपाखरू २००४ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात आढळले व तेथून कॅरिबियन समुद्रातील इतर बेटांवर पसरले.

महाराष्ट्रातील स्थिती : नागपूर येथे १९८५ मध्ये राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र सुरू झाले (पुढे केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था). बागाईतदारांना देण्यात येणाऱ्या सल्ल्यात विषारी फवारण्यांची जागा क्रमाक्रमाने नवतीच्या वेळचे निरीक्षण, पाच टक्के निंबोळी अर्क, अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस व जाळीदार पंखांच्या क्रायसोपासारख्या शत्रुकीटकांचे रक्षण यांनी घेतली. वाळलेल्या व दाटीच्या फांद्या छाटून बाग मोकळी ठेवण्यावरही भर देण्यात येतो. सिल्लाच्या बाबतीत हे पुरेसे नसल्यामुळे कलमे उघड्यावर न वाढविता बारीक जाळीच्या बंदिस्त घरात वाढविण्याची आणि डोळे तपासलेल्या मातृवृक्षांवरूनच घेण्याची पद्धत सुरू झाली. तथापि मोठ्या संख्येने कलमे अजूनही उघड्या रोपवाटिकांतून तयार होतात व तेथून लांबवरच्या जिल्ह्यांत जातात. फ्लॉरिडातील काही बागाईतदारांनी याच्या पुढची पायरी गाठून कोवळ्या झाडांवर एकेक जाळीची पिशवी चढविली आणि काही ठिकाणी सबंध बागच जाळीखाली घेतली. अशा बंदिस्त बागेत सिल्ला शिरू शकत नाही. त्याचे बाहेरचे शत्रूही शिरत नाहीत, आणि जाळीच्या भोकांतून आत येणारे सूक्ष्म कोळी व खवले कीटक यांच्यासाठी शत्रुकीटक आत नेऊन सोडावे लागतात.